सुदामने लावलेला जोड

६ एप्रिल, सोमवार
आगाशेकाकांची गाडी पुन्हा आली. मागल्या दिवाळीत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, तीच. आता तक्रार वेगळी. चालता चालता समोरचे सगळे दिवे एकदम लागतात, काटा शून्यावर, स्टिअरिंग जड. जरा वेळ थांबलं की आपोआप बरी. काका म्हणाले, "आमच्या मेहुण्यासारखं आहे हो. डॉक्टरकडे नेलं की ठणठणीत."
स्कॅनर लावला. इंजिनाचा कंट्रोल डबा म्हणतो ब्रेकचा डबा बोलत नाही, ब्रेकचा म्हणतो स्टिअरिंगचा बोलत नाही. म्हणजे डबे चांगले. हे सगळे ज्या दोन वायरींवरून बोलतात, त्यांच्यात कुठेतरी गोची. माझा कारागीर सुदाम म्हणाला, "सारं घरच अबोला धरून बसलं भाऊ."
काकांना नेहमीचं विचारलं. बाहेरून काही बसवलंय का? कॅमेरा, अलार्म, काही?
"नाही. मला असले शौक नाहीत." कसबा पेठेत राहणाऱ्या माणसाला याहून जास्त विचारायचं नसतं.

७ एप्रिल, मंगळवार
बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं. साठ ओहम. हवे तेवढेच. वायरींचे सगळे कपलर हलवून पाहिले, आकडा हलत नाही. सु. म्हणाला, गाडी दुपारभर उन्हात ठेवू आणि मग मोजू. मी म्हटलं, गाडी दुरुस्त करायचीय, पापड वाळवायचे नाहीयेत.
संध्याकाळी चक्कर मारायला काढली. बसल्यावर डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात लावला, सवयीने. पुलाच्या अलीकडे गतिरोधकावर सगळे दिवे लागले. पुलावर मधोमध उभा, मागे हॉर्न. दुकानात आणेपर्यंत पुन्हा शहाण्यासारखी.

८ एप्रिल, बुधवार
गाडीतली डावीकडची सतरंजी उचलली. खाली सु.चा दिवाळीतला जोड. लांबूनही ओळखतो मी त्याचं काम. दोन वायरींचे जोड शेजारी शेजारी घेत नाही, मागेपुढे घेतो. पुन्हा पीळ देतो, वर कापडी टेप. आणि टेपचं टोक दुमडून ठेवतो, पुढच्याला उकलायला सोपं जावं म्हणून.
तेवढ्यात आ. काका आले. झालं का, झालं का. कालपासून माझं डोकं फिरलेलंच होतं. म्हणालो, "आमच्याच माणसाचा जोड आहे. कच्चा राहिलाय. हलगर्जीपणा, दुसरं काय."
सु. पलीकडे उभा होता. "कच्चा नाही राह्यला भाऊ. आधी मोजून पाहा. टोक धरून उकला, मंग बोला."
मी कटर घेतला आणि जोड कापला. दोन्ही बाजूंनी. तुकडा ट्रेमध्ये टाकला. नवा जोड मी स्वतः लावला, सोल्डरचा डाग देऊन.
सु.ने जेवणाचा डबा पिशवीत भरला, चप्पल घातली आणि गेला. मी अडवलं नाही. उद्या येईल म्हटलं. दुकान निघाल्यापासून आहे, रुसून किती रुसणार.

१० एप्रिल, शुक्रवार
आला नाही. काल ढग, आज ढग. काकांची गाडी छान चाललीय, फोन आला. म्हणजे मी बरोबर होतो. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर असाल. पण चारचौघांत बोलायची काय गरज होती?" मी म्हटलं, चारचौघं कुठे, एकटे आगाशे होते. ती उठून आत गेली.
सु.चं मीटर टेबलावरच आहे. माणूस एवढ्या रागात गेला, पण मीटर ठेवून गेला. म्हणजे येणारच की.

१३ एप्रिल, सोमवार
कडक ऊन. बाराच्या सुमाराला काकांचा फोन. लक्ष्मी रोडवर बंद पडली, सगळे दिवे लागलेत. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "कोणाचा जोड कच्चा राहिला म्हणालात?"
टोचन लावून आणली. उन्हातच उभी ठेवली. सु. म्हणाला होता तेच, पण आज सुचलं. दुपारी मोजलं, आकडा साठवरून घसरून जवळजवळ शून्य, म्हणजे दोन्ही वायरी कुठेतरी टेकतायत. माझा नवा जोड सोडून पाहिला, दोन्ही बाजू तपासल्या. बिघाड जोडाच्या आसपाससुद्धा नाही. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी आहे.
जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल, बुधवार
डॅशबोर्ड उतरवला. सापडलं.
गणपती चिकटपट्टीने बसत नव्हता म्हणून काकांनी फेब्रुवारीत मूर्तीखाली पत्र्याची पट्टी देऊन लांब स्क्रूने पक्का केला होता. स्क्रू प्लास्टिकमधून आरपार आणि नेमका त्या दोन वायरींच्या पिळात. सावलीत जेमतेम न लागता राहायचा. ऊन लागून प्लास्टिक सैलावलं, वर गतिरोधकाचा दणका बसला, की दोन्ही वायरी एक.
काका समोरच होते. मी म्हटलं, विचारलं होतं ना, बाहेरून काही बसवलंय का?
"अहो, गणपती बसवला होता. गणपती म्हणजे 'काही' का?"
मागल्या वर्षी उंदीर, यंदा साक्षात मालक. एरवी हे वाक्य मी आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं असतं. आज हसू आलं नाही. गाडीत बसताना दर वेळी मी त्या गणपतीला हात लावत होतो. पट्टीसुद्धा बोटाला लागत होती. तरी सतरंजीखालचा जोड दिसला, कारण तो कोणाचा ते मला ठाऊक होतं. राग काढायला माणूस हवा होता, तो समोरच उभा होता.
काका गेल्यावर ट्रेमधला तुकडा शोधला. टेपचं दुमडलेलं टोक धरून ओढलं. अलगद उकललं. आत दोन्ही डाग चकचकीत. साधा काळवंडलेलाही नाही. असा जोड मला जमत नाही, आणि मी तो कापला. फार वाईट वाटतंय. लिहूनही कमी होत नाहीये.

१६ एप्रिल, गुरुवार
सु.ला फोन. उचलला नाही. मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी "चूक माझी होती" एवढंच पाठवलं. वाचल्याची खूण आली.

१९ एप्रिल, रविवार
धायरीला गेलो, त्याच्या खोलीवर. आ. काकांना बरोबर चला म्हटलं, कारण बोललो होतो ते त्यांच्यासमोर. मला वाटलं, येणार नाहीत. आले. वर पेढे घेऊन. गाडीत गणपती मांडीवर धरून बसले होते. "आता ह्यांना कुठे बसवायचं ते तुमचा सुदामच सांगेल," म्हणाले.
त्याच्या बायकोने पाणी दिलं. सु. खाटेवर बसलेला, उठला नाही, पण बसा म्हणाला. मी सगळं सांगितलं. स्क्रू, ऊन, पट्टी. जोड चांगला होता हे काकांकडे बघत मोठ्याने म्हणालो. माफ कर म्हणालो.
सु. म्हणाला, "चूक झाली त्याचं मले काही नाही भाऊ. चूक माह्याकडूनबी होते. पण मी म्हणून राह्यलो होतो उकला, अन् तुमी काटला. उकलाले काय लागत होतं?"
तुकडा खिशात नेला होता, दाखवायला. काढायची हिंमत झाली नाही.
येशील का, असं विचारलं. "पाहू न," म्हणाला. चाकणला एका कंपनीत बोलणं चाललंय म्हणे. बायको त्याच्याकडे बघत होती, तो खाली.
काका मात्र जाताना त्याच्याशी दारात बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही.

२२ एप्रिल, बुधवार
काकांची गाडी दिली. खराब झालेला भाग कापून नवा जोड. मागेपुढे घेतला, पीळ दिला, टेपचं टोक दुमडलं. दोनदा सोडून तिसऱ्यांदा बरा झाला. उन्हात ठेवून मोजलं. साठ.
गणपती आता काचेजवळ, चिकटपट्टीवर. सुदामने दारात हेच सांगितलं होतं म्हणे: पत्रा, स्क्रू काही नको, उन्हाळ्यात महिन्याला पट्टी बदला.
काकांना एवढं सांगितलं त्याने. मला नाही.

२७ एप्रिल, सोमवार
नवी गाडी, तसलाच अबोला. सु.चं मीटर घेतलं, माझं दुरुस्तीला गेलंय. आकडा फिकट, वाचता येईना. वाचता आला तेव्हा विश्वास बसेना. धीर करून फोन लावला. मनात म्हटलं, मीटरबद्दलच विचारायचं, दुसरं काही नाही.
उचलला. मागे कसलातरी मोठा आवाज, कंपनीत होता की रस्त्यावर, कळलं नाही. मी मीटरचं सांगितलं.
"सेल उतरले असतील त्याचे. मी बदलनारच होतो. बदलून घ्या."
मग मी विचारलं, मीटर घेऊन येऊ का धायरीला?
"राहू द्या तिथंच," म्हणाला आणि ठेवला.
राहू द्या म्हणजे तुम्हीच वापरा, की राहू द्या, मी आहे? पुन्हा फोन करून विचारावंसं वाटलं. नाही केला. यावेळी घाई नको.
कोपऱ्यावरून सेल आणले. घातले. आकडा स्वच्छ दिसतोय. काम झाल्यावर मीटर पुसून टेबलाच्या त्याच्या बाजूला ठेवलं.