मिथेनॉल आलं कुठून?

प्रिय खारूताई,

हे पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उजेडात धरून पाहशील. पाहा. माझ्याकडे संशयानं बघायचा हक्क तुला मीच मिळवून दिलाय. दोन महिने झाले, तू काकूचा फोन उचलतेस, आणि मी शेजारी बसलोय असं वाटलं की ठेवून देतेस. तुझं वाटणं खरं असतं. मी बसलेलोच असतो.

इकडे सगळं ठीक. प्रयोगशाळेतलं तुझं टेबल रिकामं आहे म्हणायचं, पण आपल्या प्रमुख मॅडमनी त्यावर रिकाम्या खोक्यांचा ढीग लावलाय. काकूचा गुडघा कुरकुरतो. मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, आणि या माणसाला दिवसभर घरात कसं सोसायचं या विचारानं तो गुडघा जास्तच दुखतो, असं तिचं म्हणणं.

मी जन्माचा संशयी, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी फोटोग्राफरवर नजर ठेवून आहे, असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. पण याच स्वभावावर माझी तीस वर्षांची नोकरी झाली. संशोधक मंडळी भांड्यात काय शिजवतील ते शिजवोत, त्यातला थेंबभर माझ्या यंत्रात गेला की कागदावर उंचवटे उमटतात, आणि कोणता पदार्थ किती आहे ते मी सांगतो. माझ्या यंत्राला कुणी फसवू शकत नाही, हे मी इतक्यांदा बोललोय की मलाच ते पाठ झालं.

माझ्या दादानं, तुझ्या बाबांनी, तुला माझ्या भरवशावर इथं पाठवलं तेव्हा मी काय फुगलो होतो! धुराड्यातून धरलेला कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनसोबत तुझ्या त्या राखाडी पावडरीवर सोडायचा, ऊब आणि प्रकाश द्यायचा, आणि त्याचं मिथेनॉल करायचं. म्हणजे एकदा जळून गेलेल्याचं पुन्हा इंधन. पावडर स्वतः खर्च होत नाही, नुसती दोघांची गाठ घालून देते, मधल्या मावशीसारखी, असं तू काकूला समजावलं होतंस. पहिल्यांदा मिथेनॉलचा उंचवटा आला तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो. तिसऱ्या दिवशी मनात पाल चुकचुकली.

फारच छान येत होतं सगळं. दोन तासांनी जेवढं, चार तासांनी त्याच्या दुप्पट, रोज. इतका गुणी प्रयोग मी आयुष्यात पाहिला नव्हता. मग मी तुझ्यावर नजर ठेवायला लागलो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तू सगळ्यांच्या आधी अर्धा तास येतेस. मी जवळ आलो की वही मिटतेस. तुझ्या पिशवीत एक छोटी तपकिरी बाटली असते आणि भांडं जोडायच्या आधी ती बाहेर येते. तू जेवायला गेलीस तेव्हा मी तुझ्या भांड्यात कार्बन डायऑक्साइडऐवजी नुसता आर्गॉन सोडला. ज्यात कार्बनचा कणही नाही, त्यातून मिथेनॉल होणार कसं? पण झालं. उंचवटा आला, तस्साच. तेव्हा माझ्या दृष्टीनं निकाल लागला होता. माझी पुतणी पावडरीत मिथेनॉल मिसळत होती.

मी तुला विचारायला हवं होतं. मी मॅडमकडे गेलो.

मॅडमनी बोलावलेल्या बैठकीत तू रडली नाहीस, भांडली नाहीस. भांडं कोण धुतं, एवढंच विचारलंस. आणि मी सगळ्यांसमोर तडकलो. तीस वर्षं मी धुतोय, चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं बोललो. तू पिशवी उचललीस आणि दादाकडे निघून गेलीस. घरी आल्यावर काकूला मी मोठ्या तोऱ्यात तपकिरी बाटलीचं सांगितलं. तिनं तेलाचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. हातमोज्यांनी तुझे हात फुटतात म्हणून तेल तिनंच त्या बाटलीत भरून दिलं होतं.

पण बाटली तेलाची निघाली, तर मिथेनॉल आलं कुठून? तू गेल्यावर मी पावडरच काढून टाकली. नुसतं रिकामं भांडं, नुसता आर्गॉन, आणि तरी उंचवटा. मग मी सफाईवाल्या मावशींवर संशय घेतला, शेजारच्या खोलीवर घेतला, गॅसच्या सिलिंडरवर घेतला. आठवडाभर साप साप म्हणून भुई धोपटत होतो. शेवटी एका सकाळी भांडं धुताना माझा हात थांबला. झाकणाच्या रबरी चकत्या स्वच्छ राहाव्यात म्हणून मी त्या मिथेनॉलमध्ये भिजवून ठेवतो. तीस वर्षं ठेवतोय. रबर ते पिऊन बसतं, आणि ऊब मिळाली की हळूहळू सोडतं. दोन तासांत एवढं, चार तासांत दुप्पट. तुझ्याआधी आम्ही नुसते वायू मोजायचो, म्हणून ते कधी कुणाला दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, खारूताई. तू विचारलेल्या एका प्रश्नात सगळं उत्तर होतं, आणि मला त्यात फक्त अपमान ऐकू आला.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. मी सगळं लिहून, सही करून मॅडमना दिलं. त्यांनी वाचून कागद पालथा ठेवला. मुलगी गेली, विषय मिटला, उगाच तीस वर्षांच्या नोंदींवर शंका कशाला, म्हणाल्या. मी म्हटलं, येऊ दे शंका. त्याच कागदाची प्रत वर संस्थेच्या समितीकडे पाठवली. समितीनं एक शेवटची चाचणी मान्य केलीय. त्यासाठी खास सिलिंडर आलाय, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन नेहमीपेक्षा जड आहे. मिथेनॉल तुझ्या पावडरीनं केलं असेल तर तेही जड निघेल, माझ्या रबरातलं असेल तर हलकं. सिलिंडरचं सील मी तोडलेलं नाही. मी चाचणी केली आणि चांगलं आलं तर लोक म्हणतील काकानं सांभाळून घेतलं, आणि खरं सांगू, माझ्या हातांवर आता माझाही भरवसा नाही. म्हणून तू ये. भांडं तू धू, चकत्या नव्या आण, यंत्र तू चालव, दाराला आतून कडी घाल. कदाचित काहीच येणार नाही, तुझं वर्ष वाया गेलेलं निघेल. खोटी आशा मी दाखवणार नाही. पण ते शून्य पावडरीचं असेल, तुझ्या नावावर डाग राहणार नाही. पोरी, मी चुकलो. मी बाहेरच्या बाकावर बसेन. निकाल मला सगळ्यांच्या शेवटी सांगितलास तरी चालेल.

तुझाच, अजूनही म्हणू देशील तर,
काका