मागे वळलेला ठिपका

सोलापूर,
१७ जानेवारी १९७४

प्रिय वीरभद्र,

माझी तार मिळाली असेल. 'पेपर धाडू नकोस, आलेख चुकला' एवढंच तिच्यात लिहिलं. पोस्टातल्या शेखलालनं ती वाचली आणि काळजीनं विचारलं, "बाई, हे आलेख कोण तुमचे? लई आजारी हायेत का?" मी हसले आणि पैसे मोजून बाहेर पडले.

गेली सात वर्षं तू कोपनहेगनहून यंत्रातून निघालेल्या आकड्यांचे कागदी रोल पाठवतोस आणि कॉलेजात शिकवून आले की मी ते आलेखाच्या कागदावर उतरवते. गरगर फिरणारं अणूचं केंद्रक मंदावताना गॅमा किरण सोडत पायरी पायरीनं खाली येतं. त्या पायऱ्या मी ओळीनं लावायच्या. मुंबईत एका टेबलाशी बसून आपण हेच करायचो. तू चिडवायचास, "सावित्री, तू स्पेक्ट्रम काढतीस का चादर विणतीस?" मला त्यात फरक वाटलाच नाही कधी. बाबा चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर ठिपक्याठिपक्यानं भरायचे आणि मी शेजारी पेन्सिल धरून. म्हणायचे, "एक घर चुकलं की समदी चादर लंगडी हुती बघ, पोरी." चुकलेलं घर दिसलं की सरळ करायचं, का म्हणून विचारायचं नाही. ती सवय हाताला लागली.

तुझ्या शेवटच्या रोलमध्ये एक रेषा तशीच, चुकलेल्या घरासारखी निघाली. जितकी वरची पायरी तितकी रेषा फिकट, आणि ही इतकी फिकट होती की वरच्याच पायरीची असणार. पण तिची ऊर्जा खालच्या पायरीहून कमी. फिरणं जितकं वेगाचं तितकी पायरी मोठी, हे आपण शिकलेलं. मी ती रेषा उचलली आणि ऊर्जेच्या क्रमानं खाली बसवली. आलेख मागावर ताणलेल्या सुतासारखा सरळ झाला.

मग तुझं पत्र आलं. इतरांची काही केंद्रकं फार वेगात गेली की त्यांच्या पायऱ्या मोठ्या होण्याऐवजी पुन्हा लहान होतात, आलेख मागे वळतो, आपलं मात्र सरळच राहिलं, एवढ्यावर पेपर होतो, असं आनंदानं लिहिलंस. असा मागे वळतो हे मला ठाऊकच नव्हतं रे. इथं मासिकं पोचेपर्यंत ती जुनी झालेली असतात. कारणही तू लिहिलं होतंस. आत दोन कण एकमेकांविरुद्ध फिरत जोडीनं राहतात. वेग सोसेनासा झाला की ती जोडी सुटते आणि दोघंही त्या मोठ्या फिरण्याच्या दिशेनं वळतात. ते वाक्य मी किती वेळा वाचलं हे सांगत नाही.

रोल पुन्हा काढला. रेषा तिथंच होती. आपलंही केंद्रक वळतं, वीरभद्र. मीच त्याला सरळ केलं होतं. सोबतच्या कागदावर तो ठिपका त्याच्या जागी आहे. डोळ्यांना खुपतो, पण खरा आहे. तुझं सगळं लिखाण पुन्हा करावं लागेल, त्याबद्दल रागाव. हक्क आहे तुझा.

त्याच पत्रात तू लिहिलंस की आता तिथला संगणकच आलेख काढेल, हा रोल शेवटचा. टेबल आवरून ठेवलंय. खिडकीतून गड्ड्याच्या यात्रेतला मोठा पाळणा दिसतो. वर जाताना पोरं किंचाळतात, तेवढीच संध्याकाळी सोबत.

चूक कळवायला तार पुरेशी होती. हे पत्र दुसऱ्या एका ठिपक्यासाठी आहे, तोही मीच हलवलेला. सात वर्षांपूर्वी परदेशी निघताना स्टेशनवर तू 'चल' म्हणालास तेव्हा मी बाबांच्या थरथरणाऱ्या हातांचं कारण दिलं होतं, आणि पुढं दर पत्रात लिहीत आले, बाबांची तब्येत तशीच. बाबा जाऊन या पौषात दोन वर्षं झाली. माग विकला. तुला कळवलं नाही, कारण मग न येण्याला कारण उरलं नसतं, आणि तू पुन्हा 'चल' म्हणाला नसतास तर मला ते सोसलं नसतं. आता खरं त्याच्या जागी ठेवलंय. उत्तर काय द्यायचं ते तू ठरव. नुसता एक रोल पाठवलास, संगणकानं ज्याचा आलेख आधीच काढलाय असा, तरी तो 'चल'च आहे असं मी समजेन.

तुझीच,
सावित्री