मास्तरीणबाईंच्या चौकशा

३ फेब्रुवारी

उद्या दोघी येणार. घर आवरायला घेतलं तेव्हा लक्षात आलं — माझ्याकडे जादा चादरच नाही! चार वर्षं या बेटावर एकटीने राहिल्याचा परिणाम. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडून दोन चादरी आणि एक उशी उसनी आणली. पाहुणे का, म्हणाल्या. मैत्रिणी, म्हटलं, कॉलेजच्या. माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू दातांच्या डॉक्टरला मैत्रिणी असू शकतात हे त्यांना आजच कळलं.

४ फेब्रुवारी

आल्या! बोट धक्क्याला टेकायच्या आधीच कर्ण्याचा आवाज आला. हॉस्टेलमध्ये ही तिसऱ्या मजल्यावरून हाक मारायची आणि रस्त्यापलीकडचा पानवाला ओ द्यायचा, तेव्हापासून ती कर्णा. अजून तशीच. तिच्यामागून मास्तरीण, पिशवी छातीशी धरून, गप्प. मास्तरीण फार बोलत नाही, विचारते. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा ही दुसऱ्यांना प्रश्न घालायची.

मास्तरीण तिकडे आमच्याच इमारतीत राहते, आईच्या खालच्या मजल्यावर. आई कशी आहे, विचारलं. ‘बऱ्या आहेत काकू,’ म्हणाली आणि लगेच पाण्याकडे बघायला लागली. मीही पुढे विचारलं नाही.

५ फेब्रुवारी

गाव दाखवायला निघालो. गाव म्हणजे काय, धक्क्यापासून टेकडीपर्यंत चढत गेलेला एक मोठा रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या. मला वाटलं होतं, तासाभरात आटपेल. कसलं आटपतंय! कुलपांना रबराच्या जुन्या ट्यूबचे तुकडे का गुंडाळलेत? खाऱ्या वाऱ्याने गंजतात म्हणून. छपरावरच्या टाक्या सगळ्या एकाच बाजूला का? माहीत नाही. त्या निळ्या दाराच्या आत काय आहे? तेही माहीत नाही! रोज त्या दारावरून दवाखान्यात जाते मी.

कर्ण्याने सरळ दार ढकललं. आत बर्फाचा कारखाना. बाहेर घामाने पाठ चिंब, आणि आत श्वासाची वाफ दिसतेय! दोन माणसं बर्फाची लादी आकड्याने ओढत होती. त्यातल्या थोरल्याने मला ओळखलं आणि पटकन तोंड मिटलं. त्याची अक्कलदाढ मीच काढली होती.

हे कर्ण्याच्या लक्षात आलंच. ‘अगं, तुला बघितलं की अख्खं गाव ओठ मिटून घेतं!’ मग दिवसभर तिला तेवढाच उद्योग. कोण मिटतो, कोण मिटत नाही. मासेवाली मिटत नाही. तिला दातच नाहीत.

मास्तरणीचे प्रश्न मात्र वेगळे. औषधाच्या दुकानात शिरली. मला वाटलं, डोकं दुखत असेल. तर दुकानदाराला विचारत होती, डोळ्यांत घालायचे थेंब कायम मिळतात का, बोट नाही आली तर काय करता.

६ फेब्रुवारी

कर्णा उन्हाने भाजली. नाक टोमॅटोसारखं. दिवसभर पंख्याखाली पडून मला, उन्हाला आणि बेटाला शिव्या.

७ फेब्रुवारी

काहीतरी आहे.

दवाखान्यातून दुपारी जरा लवकर आले. कर्णा झोपलेली. मास्तरीण स्वयंपाकघरात फोन घेऊन उभी — माझ्या फडताळाचे फोटो काढत होती! डब्यांचे. मग न्हाणीघराच्या उंबऱ्याचा. मला बघून दचकली. ‘छान मांडलंयस,’ म्हणाली. माझ्या आयुष्यात माझ्या फडताळाला कुणी छान म्हटलेलं नाही.

संध्याकाळी ती शिंपीणबाईंकडे जाऊन बसली. बाई नंतर मला म्हणाल्या, तुमची ती मैत्रीण फार चौकस आहे हो. जिन्यात रात्री दिवा असतो का, दुपारी घरी कोण कोण असतं, बायका एकमेकींकडे जातात-येतात का, सगळं विचारून गेली.

कर्ण्याला गाठलं. तिचं मत तयारच होतं. ‘नवऱ्याला सोडून इथे राहायला येतेय ती. लिहून ठेव.’ मला हसू आलं. मास्तरणीचा नवरा इतका गरीब की त्याला सोडलेलं त्याच्या लक्षातही यायचं नाही. पण मग कशासाठी? आजारी आहे का? डोळ्यांचे थेंब कुणाला हवेत?

उगाच जीवाला घोर.

८ फेब्रुवारी

दीपगृह. चार वर्षांत मी कधी चढले नव्हते, याची तिथे गेल्यावर लाज वाटली. राखणदार खुशीत. वर्षात फारसं कुणी येत नाही म्हणाला. जिना अरुंद, गोल गोल. वर पोचलो तर वारा असा की कर्ण्याचंही बोलणं ऐकू येईना! वरून सगळं बेट एका नजरेत. आमचं पिवळं घर, दवाखान्याचा पत्रा, शेजारच्या छोट्या खडकाळ बेटाकडे जाणारी वाळूची पट्टी. टाक्या एका बाजूला का, तेही दिसलं. पावसाळी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला छपरं उंच आहेत, सगळं पाणी दुसरीकडे वाहतं, तिथेच टाक्या. म्हणजे आपण राहतो ते गाव एकदा वरून बघायला हवं होतं.

मास्तरीण माझ्या घराकडे बघत होती. मग म्हणाली, ‘एकटीला भीती नाही वाटत तुला?’ म्हटलं, पहिल्या वर्षी वाटायची. ‘आणि आता?’ आता सवय झाली. तिने मान हलवली, पाठ करून ठेवावं तशी.

९ फेब्रुवारी

ओहोटी होती. वाळूच्या पट्टीवरून चालत तिघी खडकाळ बेटावर गेलो. डबक्यांत बोटाएवढे निळे मासे. कर्णा गुडघे मोडून त्यांच्याशी गप्पा मारत बसली. मी मास्तरणीला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, तुझं काय चाललंय?

तिने आधी टाळलं. मग खडकावर बसली.

‘काकूंसाठी,’ म्हणाली.

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. आई रोज संध्याकाळी तिच्याकडे चहाला उतरते. आणि रोज माझ्याबद्दल विचारते. तिच्या खिडकीतून काय दिसत असेल, शेजार कसा असेल, पाय मुरगळला तर कोण धावून येत असेल. ‘मला काय माहीत असणार? थापा मारते मी. तुझ्या घराला गच्ची आहे म्हणून सांगून बसलेय! शेवटी म्हटलं, बघूनच यावं. डोळ्यांचे थेंबही त्यांचेच, कधी आल्याच इकडे तर म्हणून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं गेल्या महिन्यात. तुला कळवायचं नाही म्हणाल्या.’

माझं डोकं फिरलं. ऑपरेशन झालं आणि मला कळवलं नाही? दादालाही तोंड नव्हतं? आणि माझ्या घराची तपासणी करायला मैत्रिणी पाठवायच्या? बरंच बोलले. ती ऐकून घेत होती.

बाबा गेले तेव्हा आईची इच्छा होती, मी त्यांचा दातांचा दवाखाना चालवावा. मला त्या खुर्चीशी उभंच राहवत नव्हतं. ही नोकरी मिळाली तेव्हा आई ‘तुझी मर्जी’ एवढंच म्हणाली. त्यानंतर फोनवर फक्त जेवलीस का, झोप होते का. या बेटाबद्दल तिने कधी एक शब्द विचारला नाही. तिचा राग गेला नाही, असं मी धरून चालले. मग मीही काही सांगायचं नाही, असं ठरवलं.

‘तिला इतकंच जाणून घ्यायचंय तर मला का नाही विचारत?’

मास्तरीण म्हणाली, ‘विचारलं तर परत ये म्हणतेय असं तुला वाटेल, म्हणून. त्यांना तुला परत बोलवायचं नाहीये गं. फक्त तू कुठे असतेस ते डोळ्यांसमोर येत नाही त्यांच्या.’

कर्ण्याने ओरडून सांगितलं म्हणून भान आलं — पट्टीवर पाणी चढायला लागलं होतं. घोट्याएवढ्या पाण्यातून परत आलो. मास्तरीण घसरली, मी धरलं. किनाऱ्यापर्यंत हात सोडला नाही.

१० फेब्रुवारी

दोघी गेल्या. बोट वळेपर्यंत कर्णा ऐकू येत होती.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. चादरी धुऊन वाळत घातल्या. मग फोन लावला.

‘जेवलीस का?’

‘जेवले. आई, ऐक,’ म्हटलं आणि सुरू झाले. खिडकीतून धक्का दिसतो, अर्धा. उरलेल्या अर्ध्यावर बदामाचं झाड. शिंपीणबाईंचं मशीन सकाळी सुरू होतं, त्यानेच जाग येते. पहिल्या वर्षी तापाने फणफणले होते तेव्हा त्याच उशाशी बसल्या. पावसाळ्यात खेकडे जिना चढून दारापर्यंत येतात. मासेवालीचे दात, बर्फाचा कारखाना, सगळं. पलीकडून आवाज नाही. फोन कटला वाटलं.

‘ऐकतेय मी,’ आई म्हणाली. मग म्हणाली, ‘गच्चीवरून समुद्र दिसतो?’

‘गच्ची नाहीये आई.’

‘वाटलंच मला. ती थाप मारताना चहाच्या कपाशी खेळते.’

किती दिवसांनी तिला हसताना ऐकलं! त्या भरात म्हणून गेले, ‘येऊन बघ ना.’

हसणं तिथेच थांबलं. मग, आता या वयात कुठे, आणि डोळ्यांचं हे असं, आणि दादाच्या मुलांच्या परीक्षा. ठेवते, म्हणाली. ठेवला.

घाई केली मी. नको होतं बोलायला.

१३ फेब्रुवारी

तीन दिवस फोन नाही. मीही केला नाही. दवाखान्यात गर्दी, ते बरं.

१४ फेब्रुवारी

पेशंट खुर्चीत असताना आईचा फोन. या वेळेला ती कधीच करत नाही. हातमोजे न काढताच घेतला.

जेवलीस का विचारलं नाही. म्हणाली, ‘काय गं, बोट लागू नये म्हणून आधी काय घेतात?’