चेंडू परत फेकण्याविषयी

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१४ ऑगस्ट १९८७

श्रीयुत नरेंद्रराव यांस,

त्र्यंबकचा नमस्कार. वयाने तुम्ही माझ्याहून लहान, पण धाकट्या बहिणीचे यजमान, तेव्हा आधी मीच वाकतो. आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, तोवर तो घेण्याची तुमची इच्छा राहिली तर. इथे मी, रुपाली आणि जावईबापू शैलेंद्र खुशाल आहोत. तुमची पाठ कशी आहे? तुमच्या चँडलरचा पारा एकशेबारावर गेल्याचं इथल्या टीव्हीवर सांगत होते. सुलभा म्हणाली की सकाळी अंगणात घातलेल्या कुरडया तिने दुपारी डब्यात भरल्या. आपल्या इचलकरंजीत त्यांना दोन दिवस लागायचे आणि कावळे हाकायला घरातलं एक माणूस अडकून पडायचं. म्हणजे देश सोडून तुमचं अगदीच काही नुकसान झालेलं नाही.

(फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन केला की तुम्ही दिवाणखान्यातल्या रिसीव्हरवर असता, सुलभा स्वयंपाकघरातल्या, आणि जरा वेळाने एकाच घरातली तुम्ही दोघं फोनवरून एकमेकांशी बोलायला लागता. मी इथे मिनेसोटात कान लावून उभा. मागच्या खेपेला तुमच्याकडचा गळका नळ दुरुस्त होईपर्यंत उभा होतो.)

तर जूनमध्ये मी लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलो, तेव्हा तुम्ही माझ्यावर एक कामगिरी सोपवलीत. तुमचा चि. विनय डॉक्टर होणार हे तो दोन वर्षांचा असतानाच ठरलं होतं (तेव्हा त्याने हरकत घेतली नव्हती हे मला मान्य आहे). पुढे तो इथल्या युनिव्हर्सिटीत आला आणि यंदाच्या वसंतात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आपटला. तुम्ही अट घातलीत की उन्हाळी वर्गात तोच विषय पुन्हा घ्यायचा. 'बी' मिळाला तर इथे राहायचं, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून ॲरिझोनात, तुमच्या नजरेखाली. उन्हाळाभर तो रुपालीकडे राहील, आणि मामाने त्याला दोन गोष्टींपासून लांब ठेवायचं. एक सिनेमा, दुसरी बेसबॉल. अहवाल लेखी पाठवायचा. तो आता पाठवतो. उशीर झाला, कारण कामात होतो.

आधी वर्गाचं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मुलगा वर्गात जातो की नाही हे घरी बसून कळणार नाही. म्हणून मीही त्याच्याबरोबर सकाळची बस धरायला लागलो. वर्गाबाहेरच्या बाकावर बसायचो. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या ओल्सनबाई बाहेर आल्या आणि माझं कोण आत आहे ते विचारलं. भाचा आहे म्हटल्यावर त्यांनी मलाच आत बोलावून मागच्या रांगेत बसवलं. मी इंग्रजी चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पुढची इंग्रजी मी दुकानात येणाऱ्या कापडाच्या गठ्ठ्यांवरून आणि ते ज्यात गुंडाळलेले असत त्या वर्तमानपत्रांवरून शिकलो. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात बसलो तेव्हा ऊर भरून आला. मग बाईंनी फळ्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं काढायला घेतली आणि मला झोप लागली. ते तसंच सहा आठवडे चाललं. बाईंनी कधी उठवलं नाही. पोरांमध्ये माझ्यासारखे आणखी दोघे होते.

पण संध्याकाळी गंमत व्हायची. वर्गात काय झालं ते मी विनयला विचारायचो (अहवालासाठी), आणि तो रुपालीच्या ओट्यापाशी उभा राहून सांगायचा. त्याची मराठी तुम्हाला माहीत आहे, अर्ध्यात गाडी सोडून इंग्रजीत उतरते. म्हणाला, "मामा, कार्बनला चार हात असतात." मी म्हटलं, विष्णूसारखे. म्हणाला, "येस, बट त्याच्या हातात शंख नाही, चक्र नाही. तो फक्त दुसऱ्यांचे हात धरतो. दॅट्स ऑल ही डज." नरेंद्रराव, सहा आठवड्यांत मला वर्गात जे कळलं नाही ते ओट्यापाशी सगळं कळलं. पुढे पुढे त्याच्या वर्गातली चारपाच पोरंही येऊन उभी राहायला लागली. रुपाली उपमा करायची. वसंतात ज्याला बाईंनी नापास केलं तोच त्यांना समजावतोय, हे त्या पोरांना खटकलं नाही. त्यांना उपमाही खटकला नाही.

आता सिनेमा. तो बघायला जात नव्हता, हे मी खात्रीने लिहितो. तो तिथे नोकरीला होता. थिएटरात तिकिटं फाडायची आणि खेळ सुटला की खुर्च्यांखालचं पॉपकॉर्न झाडून काढायचं. नोकराच्या घरच्या माणसाला फुकट सोडतात. देखरेखीशिवाय त्याला तिथे ठेवणं मला योग्य वाटेना, म्हणून मी रोज दुपारी आत बसायचो. पहिल्या दिवशी माझी फसगत झाली. नायकाला गुंडांनी पुलावरून उलटं टांगलं, आणि मी उठलो. आपल्याकडे अशा ठिकाणी दिवे लागतात हे तुम्हीही जाणता. बाहेर येऊन चहा कुठे मिळतो ते पाहिलं, बाकड्यावर ऐसपैस बसलो, घंटेची वाट बघत. बाकी कोणी बाहेर येईना. मला वाटलं इथली माणसं शिस्तीची, जागेवरच बसून खातात. बऱ्याच वेळाने विनय झाडू घेऊन आला. "मामा, यू ओके?" मी म्हटलं, घंटा झाली की जातो. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, इथे इंटर्व्हल नसतो." मी धावत आत गेलो तेव्हा गुंड मेलेले होते आणि नायक आंघोळ करून कोणाच्या तरी लग्नाला आला होता.

(तेव्हापासून पुलापर्यंत पोचलं की मी खुर्ची घट्ट धरून ठेवतो. लोणी घातलेलं पॉपकॉर्न मात्र चांगलं लागतं. त्यावर थोडं मेतकूट टाकून पाहा. इकडे शैलेंद्रलाही आवडलं.)

राहिला बेसबॉल. तुम्ही म्हणाला होता की विनय शब्द मोडणार नाही, फक्त सामने बघायचे नाहीत एवढं त्याला बजावा. मी बजावलं. त्याने मानलं. मग मी विचारलं की हा खेळ असतो तरी कसा, आणि तो ओट्यापाशी उभा राहिला. मीठदाणी म्हणजे पहिला तळ, साखरेचा डबा दुसरा, तिसऱ्यावर हिंगाची डबी. फलंदाज एकदा पळाला की परत फिरायचं नाही, सगळीकडून जाऊन घरी यायचं. तुम्ही आणि मी क्रिकेटमध्ये वाढलो, जिथे दोन माणसं आयुष्यभर एकाच पट्टीवर पुढेमागे धावतात. मला हे घरी येणं आवडलं. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नीट अहवाल लिहिता येणार नाही असं वाटून मी त्याला घेऊन गेलो. चूक माझी, त्याची नव्हे.

मिनिॲपोलिसचं मैदान छपराखाली आहे आणि ते छप्पर आतल्या हवेवर फुगलेलं आहे. दारं गोल फिरणारी, हवा बाहेर जाऊ नये म्हणून. आत पाऊस नाही, ऊन नाही, कुरडया वाळणार नाहीत. थंडी मात्र भरपूर, म्हणून मी मांडीवर शाल पसरली होती, आणि शालीवर रुपालीचा चिवडा. विनय म्हणाला होता की आपण बाजूच्या रांगांत बसू, तिथे चेंडू येतात. मी त्यावर फार विचार केला नाही.

पाचव्या का सहाव्या डावात एका धिप्पाड फलंदाजाने बॅट फिरवली, चेंडू वाकडा उडाला, आमच्या मागच्या खुर्चीच्या पाठीवर आपटला आणि येऊन माझ्या शालीत, चिवड्यात, पडला. सगळे लोक उभे राहिले. माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. विनय तर हात पसरून माझ्याकडे असा बघत होता जसा तुमच्या लग्नात तुम्ही जिलेबीच्या ताटाकडे बघत होता.

नरेंद्रराव, आता तुम्ही सांगा. चेंडू प्रेक्षकांत आला की आपण काय करतो? इचलकरंजीच्या मैदानावर तो कोणी खिशात घातला असता तर अकरा माणसं त्याच्या घरापर्यंत गेली असती. मी उठलो, शेंगदाणे झटकले, हात खांद्यावरून फिरवला आणि चेंडू थेट मैदानात परत फेकला. फेक सरळ गेली, या वयात. मी खाली बसलो, आता आणखी टाळ्या पडतील म्हणून.

आख्खं मैदान माझी हुर्यो उडवायला लागलं. मागचा एक गृहस्थ "मिस्टर, व्हाय?" एवढंच म्हणाला, अगदी दुःखाने. मग मला कळलं की इथे प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याला मिळाला त्याचा. लोक तो काचेच्या पेटीत ठेवतात, मरताना मुलाला देतात. मैदानातल्या एका पोरीने तो उचलून पलीकडच्या रांगेतल्या एका दाढीवाल्याला दिला. त्याने त्याचा मुका घेतला. ते पाहिल्यावर उरलेला चिवडा मला गोड लागेना.

विनय रागावेल असं मला वाटलं. तो हसत होता. इतका, की डोळ्यांतून पाणी. बाहेर पडताना दारातल्या हवेने माझी टोपी उडवली, ती त्याने पळत जाऊन आणली, तेव्हाही हसत होता. बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "मामा, बाबांनी सेम केलं होतं."

तुम्हाला आठवत नसेल. तो आठ वर्षांचा असताना तुम्ही त्याला फीनिक्सकडच्या एका मार्चमधल्या सरावाच्या सामन्याला नेलं होतंत. चेंडू उडत आला, तुमच्या ओंजळीत बसला. पोराने दोन्ही हात पुढे केले, आणि तुम्ही तो परत फेकलात. घरी येताना गाडीत तुम्ही त्याला सांगितलंत की सभ्य माणसं दुसऱ्यांची वस्तू ठेवून घेत नाहीत. म्हणाला, "ही वॉज सो प्राऊड, मामा. मी मग काही बोललो नाही." तो हे तुमच्यावर चिडून सांगत नव्हता. उलट तुम्ही आणि मी दोघेही सारखे निघालो याचा त्याला आनंद झालेला दिसला. बसमध्ये तो आणखीही काही बोलला, ते मागाहून.

तर असा हा उन्हाळा. एकूण अहवाल समाधानकारक आहे असं समजावं. सिनेमा तीसेक झाले असतील, पण ते मी पाहिले. सामने अकरा, पण तेही मीच नेलं म्हणून. पाठीला तिळाचं तेल कोमट करून लावा. सुलभाला आशीर्वाद.

आपला,
त्र्यंबक

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात विनय निकाल घेऊन आला. 'बी प्लस'. म्हणजे तुमची अट पुरी झाली, तो इथेच राहील. अभिनंदन तुमचं आणि माझंही. ओल्सनबाईंनी मला विचारलं आहे की पुढच्या उन्हाळ्यात येणार का.

आणखी एक ता. क. बसमध्ये तो काय बोलला ते लिहायचं राहिलं. त्याला डॉक्टर व्हायचं नाही. शाळेत शिकवायचं आहे. वसंतात तो आपटला कारण केमिस्ट्रीच्या वेळेला तो शहरातल्या एका शाळेत पोरांना गणित शिकवायला जात होता, फुकट. मी विचारलं, मग उन्हाळाभर मान मोडून हे केलंस कशाला? म्हणाला, आत्ता सोडलं असतं तर बाबा म्हणाले असते नापास झाला म्हणून सोडलं. आधी पास होतो, मग सोडतो. नरेंद्रराव, हा हट्ट कोणाकडून आला ते मी सांगायला नको. तुमचे वडील शाळामास्तर होते हे तुम्ही दर गणपतीत मंडळाच्या भाषणात सांगता आणि लोक टाळ्या वाजवतात. विनय त्या टाळ्यांमध्ये वाढला आहे.

रविवारी दुपारी तो तुम्हाला फोन करणार आहे. मराठीत सांगायचं असं त्याने ठरवलं आहे. तळघरात कपडे धुण्याच्या मशीनसमोर उभा राहून रोज घोकतो, "बाबा, मला शिकवायला आवडते, मी मास्तर होणार आहे." शब्द चुकले तर मध्येच सुधारू नका, त्याचा धागा तुटतो. आणि माझी विनंती एवढीच, ज्यासाठी हे पत्र लिहिलं. चेंडू पुन्हा एकदा तुमच्या हातात येणार आहे. लगेच उठून परत फेकू नका. थोडा वेळ धरून ठेवा. वजनदार असतो, मी धरून पाहिला आहे, पण क्षणभरच.

शेवटचा ता. क. सुलभाला हे जूनपासून माहीत आहे. मला तीन पानी नमनाचं तेल जाळायला तिनेच सांगितलं, म्हणजे खरा मजकूर येईतो तुमचा चहा संपलेला असेल आणि कप हातात नसेल. आत्ता स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत असेल तर तुम्ही कुठपर्यंत वाचलंत याचा तिला अंदाज नाही. आवाज थांबला असेल तर ती दाराशी उभी आहे, तिला आत बोलवा. माझं परतीचं तिकीट मी ऑक्टोबर संपेपर्यंत पुढे ढकललं आहे, कारण इथला संघ बरा खेळतो आहे आणि बाजूच्या रांगेत तीन खुर्च्या मिळतात. तिसरी तुमची. आता आशीर्वाद.