चेहरा अगदी स्पष्ट

३ मार्च
समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंचा काल तिन्हीसांजेला खून झाला. मागच्या दाराने गल्लीत निघालेला माणूस मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला. दुसऱ्या कोणीच नाही. तपासावरच्या साहेबांना सांगितलं, चेहरा दिसला नाही, चालणं वेगळं होतं. कसं, ते शब्दांत येईना. पुन्हा चालताना दिसला तर ओळखेन. साहेबांचं लेखन अशुद्ध. दुरुस्त करून दिलं.

९ मार्च
साहेब म्हणतात, संमोहन करू, चेहरा आठवेल. मी बजावलं, जन्मभर मुख्याध्यापिका होते, मला कोणी झोपवू शकत नाही. सूनबाई म्हणाली, आई, बातम्या लागल्या की घोरता की. दुर्लक्ष केलं.

१२ मार्च, दुपारी
जाऊन आले. डॉक्टर मवाळ, बूट मळके. संमोहन मला झालंच नाही, नुसती डोळे मिटून पडले होते. टीव्हीवर ती गल्ली बघताय असं समजा म्हणाले, चित्र थांबवा, चेहरा मोठा करा. केला. दाढी. भुवईवर व्रण. माझी स्मरणशक्ती आहेच तशी.

२० मार्च
ओळखपरेड. रांगेतला बघताक्षणी ओळखला. कोपऱ्यावरचा किल्लीवाला. सूनबाई म्हणाली, अहो आई, आपलं कुलूप त्यानेच बसवलं गेल्या महिन्यात, चेहरा तेव्हाचा असेल. मी म्हटलं, म्हणूनच चूक होणं शक्य नाही. तोंडओळख आहे. संकल्प: उद्यापासून सूनबाईशी वाद नाही.

२१ मार्च
झाला.

५ जून
किल्लीवाल्याची बायको जिन्यात उभी. म्हणाली, मॅडम, नीट आठवा, माणूस घरी येईना झालाय, पोरं विचारतात. मी दार लावून घेतलं. साक्षीदारावर दबाव म्हणतात तो हाच. कुलूप बदलायला हवं. पण बसवणार कोण? तो आत.

१४ सप्टेंबर
कोर्ट. साडी इस्त्रीची, उत्तरं मुद्देसूद. मग आरोपीच्या वकिलांनी संमोहनाची टेप लावली. डॉक्टर विचारतात, दाढी असेल ना? एक बाई म्हणते, असेल. नीट बघा. हो, आहे. कुठे एखादा व्रण? भुवईवर. मग तीच बाई लाडिक सुरात विचारते, बरोबर सांगतेय ना मी? कोर्टात हशा. टेप सदोष आहे. असं विचारणाऱ्या मुलीला मी वर्गात खाली बसवत असे.

२९ सप्टेंबर
किल्लीवाला सुटला. त्या संध्याकाळी तो परगावी हॉस्पिटलात होता, तिथल्या कॅमेऱ्यात सापडला. एवढे महिने सापडत नव्हता. यात माझा काय दोष? हल्ली बाजारात लांबच्या रस्त्याने जाते. व्यायाम होतो.

१० नोव्हेंबर
साहेब आले. दुसरा माणूस पकडलाय. बाकी पुरावा लंगडा. म्हणाले, मॅडम, ते संमोहन विसरा, तुम्ही पहिल्या दिवशी चालण्याबद्दल बोलला होतात. मी म्हटलं, तेव्हाच ऐकायचं होतं. त्याला खाली गल्लीत चालवलं. मी खिडकीत. तो चालला. डोळे मिटून मार्चची ती संध्याकाळ आठवली, तर गल्लीतून किल्लीवाला निघाला. चेहरा माझ्याकडे, चालणं कुठेच नाही. पुन्हा चालवा म्हटलं. पुन्हा किल्लीवाला. साहेबांना म्हटलं, उद्यापर्यंत आठवेल. ते म्हणाले, उद्यापर्यंत ठेवता येत नाही.

११ नोव्हेंबर, सकाळी
साहेबांचा फोन. सोडावा लागला. गल्लीतून जाताना मान वर करून तुमची खिडकी बघत होता, म्हणाले, जपून राहा, चेहरा ध्यानात ठेवा. मी म्हटलं, हे मला सांगता? काल दोनदा समोरून पाहिलाय.

फोन ठेवून डोळे मिटले. दाढी. भुवईवर व्रण.