काटे काढलेला मासा

प्रिय लसाद,

तुझे फोन आले, पण मी मुद्दाम उचलले नाहीत. मग तू शेजारच्या झुबेदामावशीकडे चौकशी केलीस, "ताईला बरं नाही का?" म्हणून. मला काय धाड भरली आहे! मी ठणठणीत आहे, फक्त जळते आहे. फोनवर बोलले असते तर भांडले असते नाही तर रडले असते, आणि तू दोन्ही वेळा हसतोस. म्हणून लिहायला बसले.

तुमच्या त्या ट्युनिसच्या समारंभात मी चौथ्या रांगेत बसले होते. महदियाहून पहाटेच्या गाडीनं आले होते, नवा निळा रुमाल डोक्याला बांधून. व्यासपीठावर वकिलांची संघटना, सुतारांचा संघ, बेकरीवाले, महिला मंडळ, सगळे एका टेबलाशी बसले होते. मला खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तू तुरुंगातून सुटलास त्या उन्हाळ्यात याच लोकांनी तुला चेंडूसारखा टोलवला होता. सुतार म्हणत, "आधी नावावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा कोरा दाखला आण." वकील म्हणत, "दाखला कोरा व्हायला आधी कुठे तरी नीट काम करून दाखव." तू दाराशी बसून नखं खायचास आणि मी खिडकीतून त्यांना शिव्या घालायचे. आता ते एक झाले, एकजण काम देतो, दुसरा दाखल्यासाठी भांडतो, तिसरा राहायला खोली बघतो. त्यांचं भलं होवो.

पण मग तू उभा राहिलास. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, समोर माईक. म्हणालास, "चार वर्षांत मी अख्खा मासा पाहिला नव्हता. सुटल्यावर रीमताईंनी मला टेबलाशी बसवलं आणि डोक्याशेपटीसकट मासा वाढला. त्या दिवशी मी पुन्हा माणूस झालो. ही माझी ताई!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिला मंडळाच्या त्या रीमबाईंनी डोळे पुसले. माझ्या शेजारची बाई मला म्हणते, "किती गुणी मुलगा! कुणाचा हो?" मी म्हटलं, "काय माहीत."

अरे लबाडा, तुला अख्खा मासा का मिळत नव्हता? तुरुंगाच्या दारात काट्याचा मासा आत सोडत नाहीत म्हणून! हाडाचं मटण नको, भरलेली मिरची नको, आत काही लपवलेलं असेल म्हणून. तो मिशीवाला शिपाई माझ्या रव्याच्या कुसकुसमध्ये चमचा घालून ढवळायचा, जणू चिखल तुडवतोय. आईनं तुला जेवणाच्या दोन टोपल्या पाठवल्या आणि ती गेली. पुढच्या सगळ्या टोपल्या माझ्या. बंदरावरून मासा आणायचा, उकडायचा, आणि दिव्याखाली बसून एकेक काटा वेचायचा. बोटांना वास असा चिकटला होता की बसमध्ये बाया सरकून बसायच्या. तुझ्या घशात काटा अडकला तर आत पाणी तरी कोण देईल, ही भीती वेगळीच. हाताला इतकी सवय लागली की तू घरी आलास त्या रात्रीही मी काटे काढूनच मासा वाढला. तू म्हणालास, "ताई, मी काय कुकुल्लं बाळ आहे?" मी हसले. रात्रभर झोप नाही आली.

आणि रीमबाईंनी काय केलं? एक मासा तळला. आयत्या पिठावर रेघोट्या! मला माहीत आहे, त्या चांगल्या आहेत. तुझ्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे त्यांनीच झिजवले. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट असत्या तर मनसोक्त शिव्या दिल्या असत्या.

दुसरीही एक गोष्ट आहे, ती तुला कधी बोलले नाही. तू चोरीची इंजिनं विकताना पकडला गेलास त्याच महिन्यात मुन्सिफच्या आईनं आमचं ठरलेलं लग्न मोडलं. तुला मी सांगितलं होतं की मलाच तो आवडेनासा झाला. तुझा अपराध तुझ्या नावावर लागला, लसाद, पण माझ्याही कपाळावर लागला. तुझा दाखला पुसायला संस्था आल्या. माझ्यासाठी कोण येणार होतं? मी तर काहीच चोरलं नव्हतं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी मनाशी हेच म्हणत होते, आणि त्याची लाज वाटूनही म्हणत होते.

आता गंमत ऐक. मुन्सिफच्या आईनं तो समारंभ टीव्हीवर पाहिला. दुसऱ्या दिवशी बदामाची मिठाई घेऊन दारात हजर. "नजीबा, तुझा भाऊ किती छान बोलला गं! माझा मुलगा अजून बिनलग्नाचाच आहे, दुसरी कुणी त्याला पटतच नाही." म्हणजे माझं लग्नही त्या रीमबाईंच्या माशामुळेच जुळायचं! मी मिठाई खाल्ली. मुन्सिफ दाराबाहेर उभा होता, केस पिकलेत, पण तसाच खाली मान घालून. मी होकार दिला.

मग साक्षीदारांचा विषय निघाला. लग्नाच्या करारावर सह्या करायला दोन विश्वासातली माणसं लागतात. मी म्हटलं, माझ्या बाजूनं लसाद. म्हातारीचा चेहरा पडला. "टीव्हीवर ठीक आहे गं पोरी, पण करारावर? तुरुंगात राहिलेल्याची सही? लोक काय म्हणतील? तुझा मामा आहे की." मामा चार वर्षांत एकदाही तुरुंगाच्या दारापर्यंत आला नव्हता. मी म्हटलं, "विश्वासातलं माणूस पाहिजे ना? मग लसादच. नाही तर तुमची मिठाई घेऊन जा." मुन्सिफ पहिल्यांदाच आईच्या पुढे बोलला. म्हणाला, "सही लसादचीच होईल." म्हातारी अजून फुगलेली आहे.

तर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर घरी ये. तोच इस्त्रीचा शर्ट घाल. करार लिहिणारा नोटरी विचारेल, हा कोण, तेव्हा सगळ्यांसमोर, म्हातारीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांग की तू नजीबाचा भाऊ आहेस. रीमबाईंनाही घेऊन ये, मी त्यांना पहिल्या रांगेत बसवीन. त्यांना काय हाक मारायची ती मार. ताई मात्र म्हणायचं नाही.

तुझीच, आणि तुझी एकटीच,
नजीबाताई