धोतराची भोकं

देऊळघाट, भाऊबीज, दिवेलागण

उद्या नागपूरला परत. सायन्सचं दुसरं वर्ष, आणि गावात कुणाशी त्यातलं काही बोलायची सोय नाही. तिथे तरी मी कुणाशी बोलतो म्हणा.

माय माझं धोतर शिवत बसली होती. प्रयोगशाळेत तेजाब उडून त्याला भोकं पडली आहेत. नुसती चाळणी!

"तुह्या खोलीत लय उंदरं हायेत काय रे?"

तेजाब म्हटलं असतं तर तिने मला परत जाऊच दिलं नसतं. मी म्हणालो, "हाव."

खोटं बोललो खरं. ती एकेक भोक बुजवत होती. शेवटच्या भोकाशी तिने दाताने दोरा तोडला.

"मंग एक मांजर पाळ. तुले बी कोणी बोलाले होईन."